संकटकाळचा निवारा : परदेशांतील आपद्ग्रस्तांना भारताची मदत

इंदूरच्या राजवाड्यासमोरील उद्यानात पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचा पुतळा आहे. त्यावरून रोज जाणारे-येणारे आपण सारे त्यांना प्रजाहितदक्ष राज्यकर्त्या म्हणून वंदन करतो. परंतु त्यांच्या कार्याचा एक विशेष सहसा ध्यानात घेतला जात नाही. इ. स. १७६७ ते १७९५ या काळात माळव्याचा कारभार पाहणाऱ्या या राज्यकर्तीने घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे केवळ आपल्या राज्याच्या सीमेत उभारली नाहीत. काशी, गया, द्वारका, रामेश्वर ही क्षेत्रे काही होळकरांच्या अमलाखाली नव्हती. तेथे येणारा थकलाभागला यात्रेकरू कोणत्या राज्याचा रहिवासी आहे, याची विचारपूस कोणत्याही धर्मशाळेच्या दारात होत नसे. ज्याला छप्पर नाही त्याला छप्पर, एवढाच त्या व्यवस्थेचा नियम होता.

आज राज्यांच्या सीमा बदलल्या, राष्ट्रांच्या सीमा आखल्या गेल्या. तरी भूकंप, चक्रीवादळ, महापूर आणि युद्ध यांनी बेघर झालेल्या माणसाची पहिली गरज तीच राहिली आहे. परदेशात एखादी मोठी आपत्ती ओढवल्याची बातमी आली की, जुन्या कपड्यांचे गाठोडे कोठे द्यावे, अशी विचारणा करणारे सत्प्रवृत्त नागरिक प्रसिद्धी कार्यालयात हमखास येतात. त्यांच्या सद्हेतूविषयी शंका नाही. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, एका देशाची मदत दुसऱ्या देशातील आपद्ग्रस्तांपर्यंत नेमकी कशी पोहोचते, त्या मदतीत काय असते आणि काय नसावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

पूर्वपीठिका

परदेशांतील संकटग्रस्तांना साहाय्य करण्याची परंपरा आपल्या देशात स्वातंत्र्यापूर्वीपासूनची आहे. जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनकडे १९३८ साली राष्ट्रीय काँग्रेसने पाच डॉक्टरांचे वैद्यकीय पथक पाठविले. त्यासाठी लोकांकडून निधी जमविण्यात आला. औषधे आणि रुग्णवाहिका घेऊन हे पथक मुंबईहून बोटीने निघाले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोन मराठी डॉक्टर होते. डॉ. कोटणीस परत आले नाहीत. रणभूमीजवळच्या रुग्णालयात अहोरात्र शस्त्रक्रिया करीत असतानाच त्यांची प्रकृती ढासळली आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. चीनमध्ये त्यांचे स्मारक आहे आणि तेथील जनता त्यांचे नाव आजही आदराने घेते.

मदतीचा दुसरा प्रकार म्हणजे परक्यांना आपल्या घरी आसरा देणे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत भूमीवर हद्दपार झालेल्या पोलिश नागरिकांपैकी अनेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध इराणमार्गे हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे मुलांसाठी, तर कोल्हापूरजवळ वळिवडे येथे कुटुंबांसाठी वसाहत स्थापन झाली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित वळिवड्यास राहिले. बराकींच्या त्या वसाहतीत शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, रुग्णालय होते. ज्या मुलांचे बालपण तेथे गेले ती पुढे जगभर विखुरली, परंतु कोल्हापूरशी त्यांचा ऋणानुबंध तुटला नाही. कोल्हापुरात त्या वास्तव्याचे स्मारक आहे, तसेच पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

स्वतंत्र भारतापुढे या कर्तव्याची सर्वांत कठोर परीक्षा आली ती १९७१ साली. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या देशात आले. सीमेवरील राज्यांवर असह्य भार पडला. त्यांपैकी काहींची व्यवस्था रायपूरजवळील माना येथील छावण्यांत करण्यात आली. रायपूर त्या वेळी मध्य प्रदेशातच होते. ऐन पावसाळ्यात इतक्या लोकांना तंबू, ताडपत्री, धान्य आणि पटकीची लस पुरविताना प्रशासनाने जे अनुभव घेतले, ते पुढे परदेशांत मदत पाठविताना उपयोगी पडणारे होते. निर्वासितांना आसरा देणारा देश आणि मदत पाठविणारा देश या दोन्ही भूमिका एकाच अनुभवाच्या दोन बाजू होत.

मदत कशी निघते?

परदेशात आपत्ती कोसळली म्हणजे लगेच विमान भरून पाठवावे, असे होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर १९९१ मध्ये संमत केलेल्या ठरावात मानवतावादी मदतीची तत्त्वे नमूद केली आहेत. मदत माणुसकीच्या, तटस्थतेच्या आणि निःपक्षपातीपणाच्या पायावर दिली जावी, तसेच ती आपद्ग्रस्त देशाच्या संमतीने दिली जावी, हा त्यांचा गाभा आहे. संकटात सापडलेले राष्ट्र असले तरी ते सार्वभौम राष्ट्र असते, याचा विसर पडून चालत नाही.

म्हणून प्रथम त्या देशाचे सरकार आपली गरज कळविते किंवा देऊ केलेली मदत स्वीकारते. तेथील आपला दूतावास परिस्थितीचा अंदाज घेतो. परराष्ट्र मंत्रालय समन्वयाचे काम करते. शोध व बचावाची पथके राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाकडून येतात. औषधे आणि वैद्यकीय साहित्य आरोग्य यंत्रणा पुरविते. विमाने, जहाजे आणि सैनिकी रुग्णालये संरक्षण दलांची असतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ साली झाला आणि त्याअन्वये २००६ साली हे प्रतिसाद दल उभे राहिले. आज त्याच्या सोळा तुकड्या असून त्यांपैकी पाचवी महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यात आहे.

सामान निघण्यापूर्वी त्याची यादी तयार करावी लागते. कोणत्या पेटीत काय आहे, वजन किती, औषधांची मुदत केव्हा संपते, पलीकडे ते कोण ताब्यात घेणार, ही सर्व माहिती कागदावर असावी लागते. ज्या पेटीवर आतील वस्तूचे नाव नाही, ती पेटी विमानतळावरील गर्दीत पडून राहते. तिच्यात प्राण वाचविणारे औषध असले तरी त्याचा उपयोग होत नाही. चिठ्ठी नसलेल्या पेटीपायी रुग्ण दगावू शकतो, हे मदतकार्यातील साधे पण कठोर सत्य आहे.

साठ्याची तयारी आधीच असावी लागते. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी इटलीत ब्रिंडिसी, तसेच दुबई वगैरे ठिकाणी कोठारे ठेवली आहेत. तेथे तंबू, ताडपत्र्या, घोंगड्या, पाण्याच्या टाक्या सदैव तयार असतात. आपल्या देशातही दिल्लीनजीकच्या हिंडन येथील वायुसेनेच्या तळावरून अवजड मालवाहू विमाने अल्पावधीत झेप घेऊ शकतात, तर आग्रा येथील सैन्याचे छत्रीधारी क्षेत्रीय रुग्णालय थोड्या सूचनेवर निघण्यास सज्ज असते.

तंबू की ताडपत्री?

निवाऱ्याचा विचार करताना प्रथम एक मोजमाप ध्यानात घ्यावे. मदतकार्यात जगभर मान्य असलेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार प्रत्येक व्यक्तीस किमान साडेतीन चौरस मीटर आच्छादित जागा मिळावी. पाच जणांच्या कुटुंबास हे प्रमाण साडेसतरा चौरस मीटर होते, म्हणजे आपल्याकडील सुमारे बारा फूट रुंद व सोळा फूट लांब अशी एक खोली. त्यात निजणे, सामान ठेवणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे आणि स्त्रियांना आडोसा मिळणे, हे सर्व साधावयाचे असते. यापेक्षा जागा कमी झाली की श्वसनाचे विकार व साथीचे रोग बळावतात.

आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरविलेला कौटुंबिक तंबू पाच माणसांसाठी असतो. त्यातील मुख्य भाग सोळा चौरस मीटरचा असून पुढे-मागे लहान ओसऱ्या असतात. त्याचे वजन सुमारे पंचावन्न किलो भरते. याउलट चार मीटर रुंद व सहा मीटर लांब ताडपत्री पाच किलोच्या आसपास असते. ही ताडपत्री म्हणजे आपण पावसाळ्यात धान्यावर घालतो तसलेच विणलेले प्लास्टिकचे कापड. फरक इतकाच की, ते उन्हाने लवकर विरू नये म्हणून त्यावर विशेष प्रक्रिया केलेली असते आणि दोरी ओवण्यासाठी त्याच्या कडा बळकट केलेल्या असतात.

आता साधा हिशेब करू. आपल्या वायुसेनेचे सी-१७ हे मालवाहू विमान कमाल सुमारे ७७ टन भार वाहू शकते. केवळ वजनाचा विचार केला तर त्यात १,४०० तंबू मावतील, म्हणजे १,४०० कुटुंबांची सोय होईल. त्याच वजनाच्या ताडपत्र्या नेल्या आणि दर कुटुंबास दोन दिल्या, तर साडेसात हजारांहून अधिक कुटुंबांच्या डोक्यावर आच्छादन येईल. प्रत्यक्षात सामानाचे आकारमान, इंधन आणि उड्डाणाचे अंतर यांमुळे हे आकडे कमी होतात. तरी तुलना तीच राहते.

मग तंबू पाठवावेतच कशाला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर त्या भूमीत आणि त्या ऋतूत असते. ताडपत्रीला बांबू, वासा किंवा भिंतीचा आधार लागतो. जेथे घरे पडली असली तरी लाकूड आणि दोर मिळतात, जेथे लोक स्वतः झोपडी उभारू शकतात, तेथे ताडपत्री उत्तम. ती पुढे घराच्या दुरुस्तीतही कामास येते. परंतु जेथे शहर जमीनदोस्त झाले आहे आणि थंडी पडली आहे, तेथे बंदिस्त तंबू, घोंगड्या आणि ऊब देणारी साधने यांना पर्याय नसतो. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान व सीरिया येथे झालेला ७.८ तीव्रतेचा भूकंप ऐन हिवाळ्यातला होता. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात झालेला भूकंप मात्र पावसाळ्याच्या जेमतेम दीड-दोन महिने आधीचा होता. तेथे पाऊस येण्यापूर्वी डोंगरावरच्या गावांत ताडपत्र्या आणि पत्रे पोहोचविणे, हीच घड्याळाशी लागलेली शर्यत होती.

पाण्याचा हिशेब

निवाऱ्याइतकीच निकडीची गरज पाण्याची. त्याच मानकांनुसार प्रत्येकास पिणे, स्वयंपाक व स्वच्छता यांसाठी दररोज किमान पंधरा लिटर पाणी मिळावे. दहा हजार लोकांची छावणी असेल तर दिवसाला दीड लाख लिटर, म्हणजे १५० टन पाणी लागेल. ते विमानाने न्यावयाचे तर अवजड विमानांच्या दोन फेऱ्या रोज कराव्या लागतील. म्हणून शहाणी यंत्रणा पाणी कमी आणि पाणी शुद्ध करण्याची साधने अधिक पाठविते. शुद्धीकरणाची यंत्रे, क्लोरिनच्या गोळ्या, घडी होणारे पाण्याचे डबे, झाकण असलेल्या बादल्या यांचे वजन थोडे आणि उपयोग मोठा.

अर्थात याला अपवाद असतो. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या केंद्रास आग लागली आणि चोहीकडे समुद्र असलेल्या शहरात पिण्यास पाणी उरले नाही. तेव्हा भारतीय वायुसेनेची विमाने बाटलीबंद पाणी घेऊन गेली आणि नौदलाची ‘सुकन्या’ व ‘दीपक’ ही जहाजे रवाना झाली. जहाजावरच खाऱ्याचे गोडे पाणी करण्याची सोय असल्यामुळे ‘सुकन्या’ माले बंदरात एक तरंगती पाणपोईच झाली. या मोहिमेस ‘ऑपरेशन नीर’ असे नाव होते.

काही ठळक मोहिमा

२६ डिसेंबर २००४ रोजी आलेल्या त्सुनामीने भारताच्या किनाऱ्यावरही प्रचंड हानी केली. तामिळनाडू, आंध्र आणि अंदमान-निकोबार येथे मदतकार्य चालू असतानाच आपल्या नौदलाने श्रीलंका, मालदीव आणि इंडोनेशिया या देशांकडे जहाजे पाठविली. ‘निरूपक’ या सर्वेक्षण जहाजाचे तरंगत्या रुग्णालयात रूपांतर करून ते इंडोनेशियास रवाना झाले. स्वतः जखमी असलेल्याने शेजाऱ्याला हात द्यावा, असा हा प्रसंग होता.

सप्टेंबर २००५ मध्ये अमेरिकेत कॅटरिना वादळाने हाहाकार उडविला. तेव्हा वायुसेनेचे विमान सुमारे २५ टन सामग्री घेऊन आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे उतरले. त्यात ताडपत्र्या, घोंगड्या, चादरी आणि स्वच्छतेचे साहित्य होते. धनाढ्य राष्ट्रालाही आपत्तीच्या दिवशी साध्या ताडपत्रीची गरज पडते, हा त्यातील धडा विसरण्याजोगा नाही.

मे २००८ मध्ये म्यानमारला नर्गिस वादळाचा तडाखा बसला, तेव्हा ‘राणा’ व ‘कृपाण’ ही नौदलाची जहाजे तंबू, अन्न व औषधे घेऊन यांगूनला गेली. मार्च २०११ मधील भूकंप व त्सुनामीनंतर जपानला घोंगड्या पाठविण्यात आल्या आणि आपल्या प्रतिसाद दलाच्या ४६ जवानांनी ओनागावा येथे ढिगाऱ्यांत शोधकार्य केले. या दलाची ही पहिलीच परदेशातील मोहीम होय.

नेपाळच्या भूकंपात ‘ऑपरेशन मैत्री’ काही तासांतच सुरू झाले. २०१७ साली म्यानमारच्या राखाइन प्रांतातून बांगलादेशात आलेल्या निर्वासितांसाठी ‘ऑपरेशन इन्सानियत’खाली पहिली ५३ टन सामग्री चितगाव येथे उतरविण्यात आली. तुर्कस्तानातील ‘ऑपरेशन दोस्त’मध्ये प्रतिसाद दलाची पथके आणि ९९ जणांचे सैनिकी क्षेत्रीय रुग्णालय गेले. इस्केंदेरून येथे त्या रुग्णालयाने साडेतीन हजारांवर रुग्णांवर उपचार केले. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये भूकंप होताच ‘ऑपरेशन ब्रह्मा’खाली पहिले विमान १५ टन सामान घेऊन निघाले. त्यातील सामानाची यादी पाहिली तरी मदतकार्याचे शास्त्र कळते. तंबू, झोपण्याच्या पिशव्या, घोंगड्या, तयार अन्न, पाणी शुद्ध करण्याची साधने, सौर दिवे, वीज जनित्रे आणि आवश्यक औषधे असे सामान त्यात होते. शोभेचे काही नाही, अनावश्यक काही नाही.

अन्नाच्या बाबतीत अफगाणिस्तानचे उदाहरण बोलके आहे. तेथील जनतेसाठी ५०,००० टन गहू देण्याचे भारताने ठरविले आणि २२ फेब्रुवारी २०२२ रोजी अमृतसरजवळील अटारी येथून २,५०० टनांचा पहिला तांडा पाकिस्तानमार्गे निघाला. गव्हाचे मोल माळव्यातील शेतकऱ्याला सांगावयास नको. वितरणाचे काम जागतिक अन्न कार्यक्रमाकडे सोपविण्यात आले होते, कारण धान्य पाठविणे आणि ते भुकेल्याच्या ताटात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वैद्यकीय मदतीतही नवी साधने आली आहेत. ‘आरोग्य मैत्री’ योजनेतील ‘भीष्म’ नावाच्या संचात लहान-लहान चौकोनी पेट्या असतात. त्या हाताने उचलून नेता येतात आणि सुमारे दोनशे जखमींवर प्राथमिक उपचार करण्यापुरते साहित्य त्यांत सामावलेले असते. ऑगस्ट २०२४ मध्ये असे चार संच युक्रेनला देण्यात आले.

तंबूपासून घरापर्यंत

तंबू हे घर नव्हे. तंबूचे कापड वर्षभरात विरते, ताडपत्री फाटते आणि माणूस मात्र तेथेच राहतो. महाराष्ट्राने हे १९९३ साली अनुभवले. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी व परिसरातील गावे भूकंपाने उद्ध्वस्त झाली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. तोपर्यंत अनेक कुटुंबांना पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये दिवस काढावे लागले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपार कशी जाते, हे ज्यांनी भोगले त्यांनाच ठाऊक. म्हणून निवाऱ्याचा विचार करताना पहिल्या आठवड्याबरोबर तिसऱ्या वर्षाचाही विचार करावा लागतो.

भारताने शेजारी देशांना केलेल्या साहाय्यात हा क्रम स्पष्ट दिसतो. श्रीलंकेतील यादवी युद्ध २००९ साली संपल्यावर प्रथम विस्थापित कुटुंबांसाठी जीवनोपयोगी वस्तूंचे संच गेले. त्यानंतर तात्पुरत्या घरांवर घालण्यासाठी दहा हजार टनांहून अधिक पन्हाळी पत्रे पाठविण्यात आले आणि पाठोपाठ सिमेंटही गेले. अखेरीस पन्नास हजार घरांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. त्यातील बहुसंख्य घरे कंत्राटदाराने बांधून न देता घरमालकानेच टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानातून उभी केली. नेपाळातही गोरखा व नुवाकोट या जिल्ह्यांत भूकंपग्रस्तांच्या पन्नास हजार घरांना भारताने साहाय्य केले. म्यानमारच्या राखाइन प्रांतात, परतणाऱ्या निर्वासितांसाठी अडीचशे तयार घरे जुलै २०१९ मध्ये सुपूर्द करण्यात आली.

घरमालकाने स्वतः घर बांधण्यात एक मोठा लाभ आहे. खिडकी कोणत्या दिशेला असावी, चूल कोठे असावी, गोठा किती अंतरावर असावा, हे परक्या अभियंत्यापेक्षा घरच्या माणसाला अधिक कळते. आपत्तीने ज्याचे सर्वस्व नेले, त्याच्या हाती निर्णयाचा अधिकार तरी परत आला पाहिजे.

नको असलेली मदत

आता गाठोड्याच्या प्रश्नाकडे वळू. ‘घरचे झाले थोडे आणि व्याह्याने धाडले घोडे’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आपद्ग्रस्त प्रदेशांची गत अनेकदा अशी होते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पडले होते. कपडे त्या लोकांच्या वापराचे नव्हते, काही फाटके होते, काही मळके होते. ते निवडण्यास, वाहून नेण्यास आणि शेवटी विल्हेवाट लावण्यास जी माणसे व वाहने लागली, ती अन्यथा अन्न वाटण्याच्या कामी आली असती.

परदेशाच्या बाबतीत तर अडचण दुणावते. विमानातील प्रत्येक किलोला मोल असते. दहा किलो जुने कपडे म्हणजे दोन ताडपत्र्या न गेल्या, असा त्याचा अर्थ होतो. त्या देशाचे हवामान, पोशाख, आहाराच्या चालीरीती वेगळ्या असतात. उघड्या बाटलीतील किंवा मुदत सरत आलेली औषधे तर उपकाराऐवजी अपकार करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, घेणाऱ्याची प्रतिष्ठा. ज्या वस्त्रांची आपल्याला लाज वाटते ती दुसऱ्याने कृतज्ञतेने नेसावीत, ही अपेक्षा दानाच्या कल्पनेत बसत नाही.

आपल्या घरी गरज असताना?

आपल्याच देशात बेघर माणसे असताना बाहेर मदत का पाठवावी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ही शंका अनुदार नाही आणि तिचे उत्तर टाळूही नये.

पहिली गोष्ट अशी की, संकट कोणाच्या दारी केव्हा येईल, हे सांगता येत नाही. जानेवारी २००१ मध्ये भुज उद्ध्वस्त झाले, तेव्हा अनेक देशांची बचाव पथके व रुग्णालये कच्छमध्ये आली होती. त्सुनामीनंतर भारताने आपल्या बळावर मदतकार्य करण्याचे धोरण ठेवले. तरी २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या लाटेत प्राणवायू टंचाईने आपण हैराण झालो, तेव्हा अनेक देशांनी प्राणवायूची यंत्रे व औषधे पाठविली आणि आपण ती स्वीकारली. देणे आणि घेणे यांचा हा व्यवहार कोणत्याही वहीत मांडलेला नसतो, परंतु तो चालू असतो.

दुसरे असे की, परदेशात गेलेले पथक रिकाम्या हाताने परतत नाही. बर्फात तंबू कसा टिकतो, अरुंद डोंगरी वाटेने सामान कसे न्यावे, परभाषी जखमीशी संवाद कसा साधावा, हे अनुभव घेऊन ते परतते. उद्या आपल्याच देशात तशी वेळ आली तर तेच जवान, तेच डॉक्टर, तेच कोठार उपयोगी पडते. जी यंत्रणा वापरात नसते तिला गंज चढतो.

नागरिकांचा वाटा

तेव्हा सर्वसामान्य नागरिकाने काय करावे? परदेशातील आपत्तीसाठी काही द्यावयाचे असेल तर वस्तूंऐवजी रोख रक्कम द्यावी आणि ती भारतीय रेड क्रॉस सोसायटीसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तसे आवाहन केले असेल तर तिच्याकडेच, पावती घेऊन द्यावी. पैशाला विमान लागत नाही, शिवाय त्यातून आपद्ग्रस्तांच्या जवळच्या बाजारातून त्यांच्या पसंतीची वस्तू घेता येते आणि तेथील दुकानदाराचाही व्यवसाय पुन्हा सुरू होतो. नावाची खातरजमा न करता फोनवर आलेल्या आवाहनास बळी पडू नये.

वस्तूच द्यावयाच्या असतील तर जेथे त्यांची मागणी झाली आहे तेथे, मागणीप्रमाणे आणि नव्या द्याव्यात. प्रत्येक गठ्ठ्यावर आतील वस्तू, संख्या आणि माप लिहावे. जुने पण चांगले कपडे जवळच्या गरजूंना, त्यांची आवड व माप पाहून, हातात द्यावेत. त्यात दोघांचाही सन्मान राहतो.

त्याबरोबरच आपल्या घराची तयारीही असावी. मध्य भारतातील आपण भूकंपापासून दूर आहोत, असे समजण्याचे कारण नाही. २२ मे १९९७ रोजी जबलपूर भागात झालेल्या भूकंपाने हे दाखवून दिले आहे. एक विजेरी, पाण्याचे झाकणाचे भांडे, आवश्यक औषधे, महत्त्वाच्या कागदपत्रांच्या प्रती आणि एक मजबूत ताडपत्री, एवढे प्रत्येक घरात असणे कठीण नाही.

अहिल्याबाईंच्या धर्मशाळेत येणाऱ्याला आधी विसावा मिळे, मग पाणी, मग अन्न, आणि तो आपल्या वाटेने पुढे निघून जाई. त्याने थांबून उपकार मानावेत अशी अट नव्हती. मदतकार्याची आजची नियमावली शेकडो पानांची झाली आहे, विमाने आणि जहाजे आली आहेत, ताडपत्रीच्या कापडाचेही शास्त्र झाले आहे. परंतु घेणाऱ्याला जे हवे ते, ज्या वेळी हवे त्या वेळी आणि त्याचा मान राखून द्यावे, हे सूत्र तेच आहे. गाठोडे घेऊन येणाऱ्या प्रत्येक नागरिकाने हे सूत्र ध्यानात ठेवले, तर त्याच्या मनातील करुणा खरोखरच एखाद्या अनोळखी कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर होईल.